पैसे कटले, पावती नाही: ब्राउझरच्या एका बदलात अडकलेलं फी-पोर्टल

हे प्रकरण २०२० च्या जुलै-ऑगस्टमधलं आहे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका शिक्षण मंडळाचं फी भरण्याचं पोर्टल चालता चालता बिघडलं. ते बांधणाऱ्या छोट्या कंपनीने त्या काळात कोडच्या एका ओळीलाही हात लावला नव्हता. मंडळाच्या बाजूने तांत्रिक सल्ला देण्यासाठी मला बोलावलं गेलं. मंडळ, कंपनी आणि पेमेंट गेटवे (पोर्टल आणि पालकाची बँक यांना जोडणारी ऑनलाइन भरण्याची सेवा) यांची नावं मी देत नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. तांत्रिक बाजू मात्र जशी घडली तशीच मांडतो.

पार्श्वभूमी

मंडळाच्या दोन शाळा, एक कनिष्ठ महाविद्यालय आणि एक वरिष्ठ महाविद्यालय. फी बहुतेक पालक ऑफिसच्या खिडकीवर रोखीने किंवा चलनाने भरत. पोर्टल काही वर्षांपासून होतं, पण त्याचा वापर थोडा. टाळेबंदीत खिडकी बंद झाली आणि सगळा भार एकदम पोर्टलवर आला. त्याच महिन्यांत अकरावीचे प्रवेश आणि पहिला हप्ता. ज्यांनी आयुष्यात नेटबँकिंगला हात लावला नव्हता असे पालक मोबाइलवरून फी भरायला बसले.

पोर्टलची रचना सरळ होती. पालक मोबाइल नंबर आणि पासवर्ड टाकून लॉगइन करत, पाल्याचं नाव आणि हप्ता निवडत, ‘फी भरा’ दाबत. मग गेटवेचं पान, तिथून बँकेचं पान, ओटीपी, परत गेटवे, आणि शेवटी पुन्हा पोर्टल. पोर्टल पावती दाखवी. कोड पीएचपी या वेबसाइटसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेच्या ७.१ आवृत्तीत लिहिलेला होता. मंडळाचं एक अँड्रॉइड अ‍ॅपही होतं. त्याच्या आत हेच पोर्टल उघडत असे, वेगळं काही नव्हतं. ही बारीकशी गोष्ट पुढे कामी आली.

अडचण

जुलैच्या उत्तरार्धात फोन सुरू झाले. ‘मॅडम, पैसे कटलेत हो, पण पावतीच निघत नाही. पुन्हा लॉगइन करायला सांगतंय.’ आधी तुरळक, मग रोज, आणि ऑगस्ट उजाडल्यावर फी विभागाचा फोन खाली ठेवता येईना.

अशा वेळी काय सांगायचं हे सगळ्या ऑफिसांत ठरलेलं असतं, तेच इथेही सांगितलं गेलं: ‘दादा, कटलेले पैसे पाच-सात दिवसांत आपोआप खात्यात परत येतील. तुम्ही पुन्हा भरा.’ या सल्ल्याला आधार होता. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, ऑनलाइन खरेदीत कार्डावरून पैसे गेले पण विक्रेत्याच्या यंत्रणेपर्यंत व्यवहाराची खात्री पोचली नाही, तर ती रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. पण तो नियम फसलेल्या व्यवहारांसाठी आहे. इथे व्यवहार फसलेलाच नव्हता. बँकेच्या लेखी तो यशस्वी, गेटवेच्या लेखी यशस्वी, पैसे मंडळाच्या खात्यात जमा. फक्त पोर्टलच्या वहीत त्याची नोंद नव्हती. त्यामुळे परत काही येणार नव्हतं, आणि पुन्हा भरणाऱ्या पालकाचे पैसे दुसऱ्यांदा जात होते. काम सुटलेल्या घरांमधून एका हप्त्याचे दोन हप्ते गेले होते. सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त बोचलेली गोष्ट हीच.

पहिले अंदाज

कंपनीच्या मुलांनी पोर्टल तपासलं. चाचणीच्या कार्डाने फी भरली, पावती आली. पुन्हा भरली, पुन्हा आली. त्यांनी गेटवेकडे बोट दाखवलं. गेटवेच्या मदत कक्षाने ‘आमच्याकडे स्टेटस सक्सेस आहे, निकाल तुमच्या रिटर्न यूआरएलवर पाठवला आहे’ एवढंच कळवलं. रिटर्न यूआरएल म्हणजे पैसे भरून झाल्यावर ब्राउझर पोर्टलच्या ज्या पत्त्यावर परत येतो तो. तेही खरंच होतं. मग सर्व्हरवर ताण येतोय असा तर्क निघाला आणि होस्टिंगचा मोठा प्लॅन घेतला गेला. पैसे गेले, फरक शून्य.

वाट दाखवली ती फी विभागातल्या वरिष्ठ लिपिक बाईंनी. त्यांनी तक्रारींसाठी एक जुनं हजेरी रजिस्टर घेतलं होतं आणि कुणी न सांगता त्यात रकाने आखले होते: नाव, वर्ग, रक्कम, वेळ, कशावरून भरली, आणि शेवटी ‘पालक काय म्हणाले’. या शेवटच्या रकान्यात पुन:पुन्हा एकच गोष्ट येत होती. ‘ओटीपी उशिरा आला.’ ‘रेंज नव्हती, गच्चीवर जाऊन ओटीपी घेतला.’ ‘कार्ड शोधायला वेळ लागला.’ ‘कशावरून’ या रकान्यात जवळजवळ सगळीकडे क्रोम लिहिलेलं होतं. अ‍ॅपवरून भरलेल्या कुणाचीच तक्रार नव्हती. फायरफॉक्सवरून भरणारे मोजके शिक्षक-पालक होते, त्यांचंही सुरळीत चाललं होतं.

म्हणजे हळू भरणारे अडकत होते, झटपट भरणारे सुटत होते, आणि तेही फक्त क्रोममध्ये.

कारण कसं सापडलं

सर्व्हरचा अ‍ॅक्सेस लॉग, म्हणजे आलेल्या विनंत्यांची नोंदवही, उघडून रिटर्न यूआरएलवर आलेल्या विनंत्या वेगळ्या काढल्या. यशस्वी व्यवहारांपुढे २०० हा ‘ठीक’ असा संकेत होता. तक्रारीच्या व्यवहारांपुढे ३०२, म्हणजे ‘दुसऱ्या पानाकडे जा’, आणि लगेच पुढच्या ओळीत लॉगइनचं पान. गेटवे निकाल खरोखरच पाठवत होता. पोर्टल तो दारातच नाकारून पालकाला लॉगइनकडे वळवत होतं. मग प्रत्येक व्यवहारात लॉगइनपासून परत येईपर्यंत किती वेळ गेला ते काढलं. क्रोममधल्या अडलेल्या सगळ्या व्यवहारांत तो दोन मिनिटांहून जास्त होता. जुलैतल्या काही व्यवहारांत दोन मिनिटं उलटूनही पावती निघाली होती; त्याचा उलगडा पुढे झाला.

दोन मिनिटं हा आकडा ऐकल्यावर ज्यांनी क्रोमच्या त्या वर्षीच्या घोषणा वाचल्या होत्या त्यांना दिवा लागला असता. तो समजायला कुकीच्या कामाची थोडी माहिती लागते.

वेबचा सर्व्हर मुळात विसराळू आहे. प्रत्येक विनंती त्याला नवी. १९९४ मध्ये नेटस्केपमध्ये लू माँटुली यांनी यावर कुकीची युक्ती काढली. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर मिळतो तसा हा बिल्ला. सर्व्हर ब्राउझरला एक क्रमांक देतो, आणि ब्राउझर पुढच्या प्रत्येक विनंतीबरोबर तो दाखवतो. लॉगइन केलेला माणूस कोण ते सर्व्हर त्या क्रमांकावरून ओळखतो.

खोच अशी की ब्राउझर हा बिल्ला दाखवताना विनंती कुणी करायला लावली हे पाहत नसे. तुम्ही एका टॅबमध्ये बँकेत लॉगइन असताना दुसऱ्या टॅबमधल्या भलत्याच पानाने बँकेच्या पत्त्यावर एखादा लपवलेला फॉर्म आपोआप पाठवला, तरी ब्राउझर इमानेइतबारे बँकेची कुकी जोडे. बँकेला वाटे, खातेदारानेच फॉर्म भरला. या हल्ल्याला सीएसआरएफ म्हणतात. २००७ मध्ये जीमेलमध्येच अशी फट सापडली होती. दुसऱ्याच कुठल्या पानावर गेलेल्या माणसाच्या खात्यात, त्याच्या नकळत, मेल परस्पर पुढे पाठवणारा फिल्टर बसवता येत होता.

त्यावरचा ब्राउझरच्या पातळीवरचा उपाय म्हणजे कुकीवरचा सेमसाइट हा गुण. क्रोममध्ये तो २०१६ मध्ये आला. त्यात तीनपैकी एक शब्द लिहिता येतो. ‘स्ट्रिक्ट’ असेल तर दुसऱ्या साइटवरून सुरू झालेल्या कोणत्याही विनंतीबरोबर कुकी जात नाही. ‘लॅक्स’ असेल तर दुसऱ्या साइटवरच्या दुव्यावर टिचकी मारून आलात, म्हणजे साध्या गेट पद्धतीने पूर्ण पान उघडलंत, तर जाते; पोस्ट पद्धतीने, म्हणजे माहिती पत्त्यात न लिहिता पोटात घेऊन, फॉर्म आला तर जात नाही. ‘नन’ म्हणजे जुनी मोकळीक. साइट कशाला म्हणायचं हेही ठरलेलं आहे. एकाच मूळ डोमेनखालची उपडोमेनं एक साइट धरली जातात. पोर्टल आणि गेटवे अर्थातच वेगळ्या.

अडचण अशी की बहुतेक साइट्स सेमसाइट लिहीतच नव्हत्या, आणि न लिहिल्यास क्रोम ‘नन’ धरून चाले. २०१९ च्या मे महिन्यात गूगलने जाहीर केलं की हे उलटं होणार: काहीच न लिहिलेली कुकी ‘लॅक्स’ धरली जाईल. फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोम ८० पासून हा बदल थोड्या थोड्या लोकांपर्यंत पोचवायला सुरुवात झाली. साथ आल्यावर एप्रिलमध्ये तो मागे घेतला गेला, कारण जगभर लोक अत्यावश्यक कामांसाठी वेबवर अवलंबून होते. १४ जुलैला क्रोम ८४ बरोबर तो पुन्हा टप्प्याटप्प्याने सुरू झाला. मंडळाच्या तक्रारींचा आलेख याच टप्प्यांबरोबर चढत होता. एकाच आवृत्तीच्या दोन क्रोममध्ये एकीकडे बदल चालू आणि दुसरीकडे बंद असू शकत होता. जुलैत काही पालक रेंगाळूनही सुटले, ते यामुळे.

आता दोन मिनिटं. पेमेंट गेटवे आणि एकत्रित लॉगइनच्या कित्येक यंत्रणा निकाल पोस्ट फॉर्मनेच परत पाठवतात, आणि नव्या नियमात त्या सगळ्या एका रात्रीत कोलमडल्या असत्या. म्हणून क्रोमने एक सवलत ठेवली. ज्या कुकीवर सेमसाइट लिहिलेलंच नाही, ती तयार होऊन दोन मिनिटं झाली नसतील, तर दुसऱ्या साइटवरून आलेल्या पूर्ण पानाच्या पोस्टबरोबरही ती पाठवली जाईल. हे पोर्टल लॉगइनच्या क्षणी नवी सेशन कुकी, म्हणजे लॉगइन केलेल्याची ओळख ठेवणारा बिल्ला, काढत असे. घड्याळ तिथून सुरू. कंपनीतला मुलगा लॉगइन करून, चाचणी कार्डावर ‘सक्सेस’ दाबून, अर्ध्या मिनिटात परत येई. त्याला कुकी सापडे. गच्चीवर जाऊन ओटीपी घेणाऱ्या पालकाची कुकी मात्र तोवर सवलतीबाहेर गेलेली असे.

हे नुसतं सांगून कुणाला पटेना, म्हणून करून दाखवलं. क्रोममध्ये ब्राउझरची आतली देवाणघेवाण दाखवणारे डेव्हलपर टूल्स उघडले, नेटवर्कच्या टॅबमध्ये ‘न पाठवलेल्या कुकीही दाखवा’ या अर्थाच्या चौकटीवर खूण केली, लॉगइन केलं, आणि बँकेच्या चाचणी पानावर हात बांधून बसलो. तीनेक मिनिटांनी ‘सक्सेस’ दाबलं. परतीच्या पोस्टवर टिचकी मारली तर कुकीच्या यादीत पोर्टलची सेशन कुकी पिवळ्या पट्ट्यात दिसत होती. म्हणजे ब्राउझरकडे ती होती, पण त्याने ती रोखून धरली होती. हेच फायरफॉक्समध्ये केल्यावर पावती आली, कारण फायरफॉक्सने हा बदल आपल्या सर्वसाधारण आवृत्तीत लागू केलेला नव्हता. अँड्रॉइड अ‍ॅपचं कोडंही सुटलं. अ‍ॅपमधलं वेबव्ह्यू, म्हणजे अ‍ॅपच्या आत वेबपान दाखवणारा भाग, क्रोमच्याच इंजिनवर चालतं, पण हा बदल तेव्हा त्याला लावलेला नव्हता.

आणखी एक गोष्ट तिथेच दिसली, आणि ती जास्त नुकसानाची होती. कुकी नसलेली विनंती आल्यावर पोर्टलच्या पीएचपीने नेहमीप्रमाणे नवं, रिकामं सेशन सुरू केलं आणि त्याच नावाची नवी कुकी ब्राउझरला दिली. जुनी, चांगली कुकी तिच्याखाली पुसली गेली. ब्राउझरने कुकी फक्त एका विनंतीपुरती रोखली होती. पालकाला खरोखर लॉगआउट केलं ते पोर्टलने. रिटर्न यूआरएलच्या फाइलमध्ये पहिल्याच ओळीला लॉगइन तपासणी असल्याने गेटवेने डिजिटल सहीसकट पाठवलेला निकाल कुणी वाचलासुद्धा नाही.

समोरचे पर्याय

मंडळाचे सचिव, कंपनीचे मालक, लिपिक बाई आणि मी असे व्हिडिओ कॉलवर बसलो. सचिवांचा प्रश्न साधा होता: ‘साहेब, उद्या सकाळी फोन थांबतील असं काय करता येईल?’

सर्वांत सोपी सूचना आली ती पालकांना ‘फायरफॉक्स वापरा’ सांगण्याची. ती लगेच बाजूला ठेवली. हजारो पालकांना ब्राउझर बदलायला लावणं होण्यासारखं नव्हतं. क्रोमच्या आतल्या सेटिंगमध्ये हा बदल बंद करता येत होता, पण पालकाला त्याच्या सुरक्षेचं कुलूप काढायला सांगणं मला मान्य नव्हतं.

कंपनीचा कल सेशन कुकीवर ‘सेमसाइट नन’ आणि ‘सिक्युअर’ लिहून मोकळं होण्याकडे होता. एका ओळीचं काम दिसत होतं, पण ते तसं नव्हतं. पीएचपीमध्ये हा गुण नीट लिहायची सोय ७.३ पासून आली, ७.१ मध्ये तो आडवाटेने, वेब सर्व्हरच्या पातळीवर चिकटवावा लागणार होता. ‘नन’ला ‘सिक्युअर’ची, म्हणजे कुकी फक्त एचटीटीपीएस या सुरक्षित जोडणीवरूनच जाण्याची, अट आहे, आणि पोर्टलचा निकालांचा जुना विभाग अजून साध्या एचटीटीपीवर होता, तिथे ही कुकी गेलीच नसती. जुने ब्राउझर वेगळाच घोळ घालतात. क्रोम ५१ ते ६६ आणि अँड्रॉइडवरचा जुना यूसी ब्राउझर ‘नन’ लिहिलेली कुकी फेकून देतात, तर आयओएस १२ वर ती ‘स्ट्रिक्ट’ समजली जाते. जुना फोन हातात असलेला पालक हा इथे अपवाद नव्हता.

माझा खरा विरोध मात्र वेगळ्या कारणाने होता. पोर्टलमध्ये मोबाइल नंबर बदलायचा एक फॉर्म होता. पासवर्ड विसरल्यास ओटीपी त्याच नंबरवर जाई. या फॉर्मला सीएसआरएफ टोकन, म्हणजे फॉर्म पोर्टलच्याच पानावरून आल्याची गुप्त खूण, नव्हतं. पोर्टल बांधल्यापासून हे दार उघडंच होतं, आणि क्रोमच्या नव्या नियमाने ते पहिल्यांदा ओढून घेतलं होतं. ‘नन’ लिहिणं म्हणजे ते आपल्या हाताने पुन्हा सताड उघडणं.

गेटवेला निकाल गेट पद्धतीने पाठवायला सांगावं, हा विचारही झाला. ‘लॅक्स’ कुकी गेटबरोबर जाते, त्यामुळे ते चाललं असतं. पण गेटवेची पद्धत ठरलेली होती, आणि व्यवहाराचा तपशील पत्त्याच्या पट्टीत आला की तो ब्राउझरच्या इतिहासात आणि वाटेतल्या लॉगमध्ये राहतो.

राहिला तो मोठ्या कामाचा पर्याय: पैसे आले की नाही हे ठरवताना कुकीकडे पाहायचंच नाही. गेटवे निकालाबरोबर एक सही पाठवतो. ती व्यवहार क्रमांक, रक्कम आणि स्थिती यांवर, मंडळ आणि गेटवे या दोघांनाच ठाऊक असलेल्या गुप्त किल्लीने काढलेली असते. ती जुळली तर निकाल खरा, मग ब्राउझरने बिल्ला आणलेला असो वा नसो. शिवाय गेटवेचा सर्व्हर थेट मंडळाच्या सर्व्हरला कळवू शकतो, ब्राउझरला मध्ये न घेता. ही सोय गेटवेच्या माहितीपुस्तिकेत पहिल्यापासून होती. ती कधी जोडलीच नव्हती.

काय केलं

सचिवांना थांबायला वेळ नव्हता आणि कंपनीला नवं काम नीट करायला वेळ हवा होता. त्यामुळे दोन टप्पे ठरले. तात्पुरतं म्हणून ‘नन’ लावायचं, पण माझ्या दोन अटींवर: मोबाइल नंबर बदलायचा फॉर्म तेवढे दिवस पूर्ण बंद, आणि ‘नन’ न समजणाऱ्या जुन्या ब्राउझरांना ओळखून त्यांना कुकी पूर्वीसारखीच द्यायची. अशा ब्राउझरांची यादी क्रोमियमच्या, म्हणजे क्रोमचा पाया असलेल्या मुक्त प्रकल्पाच्या, चमूने प्रसिद्ध केलेली होती. एचटीटीपीवरचा विभाग त्याच रात्री एचटीटीपीएसवर आणला. यापेक्षा आधी, त्या कॉलवरच, एक गोष्ट झाली: ‘पुन्हा भरा’ हे वाक्य बंद. लिपिक बाईंनी नवं वाक्य ठरवलं. ‘दादा, थांबा, पुन्हा भरू नका. मेसेजमधला व्यवहार क्रमांक सांगा, मी बघून सांगते.’ गेटवेच्या पॅनेलवर क्रमांक शोधायचा अधिकार फी विभागाला त्याच दिवशी दिला गेला. तोवर तो फक्त कंपनीकडे होता.

दुसऱ्या टप्प्यात रिटर्न यूआरएलची फाइल नव्याने लिहिली. ती आता सेशन सुरूच करत नाही, त्यामुळे जुनी कुकी पुसली जाण्याचा प्रश्न उरत नाही. ती सही तपासते, आलेली रक्कम आपल्या नोंदीतल्या मागणीच्या रकमेशी ताडते, भरणा नोंदवते, आणि ब्राउझरला ३०३ हा वळवण्याचा संकेत देऊन पावतीच्या पानाकडे पाठवते. ३०३ मुद्दाम घेतला. त्याने पुढची विनंती गेट पद्धतीची होते, आणि पूर्ण पानाच्या गेटबरोबर ‘लॅक्स’ कुकी जाते. पालक लॉगइन असलेलाच राहतो. ३०७ दिला असता तर पोस्ट पोस्टच राहिलं असतं आणि गाडी पुन्हा तिथेच अडली असती. सेशन कुकीवर ‘स्ट्रिक्ट’ही लावून चाललं नसतं, कारण या प्रवासाची सुरुवात गेटवेच्या साइटवर झालेली असते आणि ‘स्ट्रिक्ट’ला ते चालत नाही.

गेटवेकडून थेट येणारा निरोपही जोडला. आता एकाच व्यवहाराची बातमी दोन वाटांनी येणार होती, म्हणून व्यवहार क्रमांक डेटाबेसमध्ये एकदाच नोंदला जाईल असा निर्बंध घातला; आधी येईल ती वाट नोंद करेल, मागून आलेली गप्प बसेल. ‘सुरू’ अवस्थेत लटकलेल्या व्यवहारांची स्थिती गेटवेला ठरावीक वेळाने विचारणारं एक कामही लावलं. हे झाल्यावर ‘नन’ काढलं, ‘लॅक्स’ स्पष्ट लिहिलं, आणि नंबर बदलायच्या फॉर्मला टोकन लावून तो पुन्हा उघडला.

परिणाम

तात्पुरता उपाय लागला त्या दिवसापासून नव्या तक्रारी जवळजवळ थांबल्या, आणि दुसऱ्या टप्प्यानंतर पुरत्या. ओटीपीच्या पानावर फोन बंद पडला तरी पैसे गेले असतील तर नोंद होऊ लागली. जुन्या रचनेत हे कधीच शक्य नव्हतं, क्रोमचा बदल येण्याआधीसुद्धा.

मागचं निस्तरायला जास्त वेळ लागला. गेटवेचा अहवाल आणि पोर्टलची नोंद यांचा मेळ घालून राहिलेल्या पावत्या काढल्या. त्या कामात कळलं की पावतीविना राहिलेले काही व्यवहार आधीच्या वर्षांतलेही होते. ब्राउझर मध्येच बंद झालेले, नेट गेलेले. ऑफिसने तेव्हा चलन पाहून हाताने पावत्या दिल्या होत्या आणि प्रश्न मिटला असं धरलं होतं.

दुबार भरलेल्या पैशांवर मंडळात मतभेद झाले. हिशेब विभागाला ते पुढच्या हप्त्यात वळते करायचे होते, कारण काम सोपं होतं. लिपिक बाईंनी हट्ट धरला की प्रत्येकाला विचारायचं. विचारल्यावर बऱ्याच जणांनी पैसे परत मागितले. काहींनी शेजाऱ्याचं किंवा भावाचं कार्ड वापरलं होतं, आणि परतावा ज्या कार्डावरून पैसे गेले त्याच कार्डावर जातो. हप्त्यात वळवले असते तर शेजाऱ्याचं किंवा भावाचं देणं तसंच अडकलं असतं. बाईंचा हट्ट बरोबर होता.

वेगळं काय करता आलं असतं

बदलाची घोषणा वर्षभर आधी झाली होती. क्रोमच्या कन्सोलमध्ये, म्हणजे डेव्हलपर टूल्समधल्या सूचनांच्या खिडकीत, पिवळ्या सूचनाही येत होत्या. पण कंपनीत पोर्टल चालू असेपर्यंत कन्सोल उघडून पाहायची पद्धत नव्हती, आणि देखभालीच्या करारात ब्राउझरच्या बदलांवर लक्ष ठेवण्याचं काम कुणाच्या नावावर नव्हतं. छोट्या कंपन्यांना मी यासाठी धारेवर धरणार नाही. त्या कामाचे पैसे कुणी देत नाही. नव्या करारात मंडळाने ते काम आणि त्याचा मोबदला दोन्ही लिहिले.

होस्टिंगचा प्लॅन वाढवण्याआधी अ‍ॅक्सेस लॉगमधली ३०२ ची ओळ पाहिली असती तर आठवडाभर आधी सुटका झाली असती. रजिस्टर तर त्याहून आधीपासून फी विभागाच्या टेबलावर होतं, आणि तांत्रिक माणसांपैकी कुणी ते मागितलं नव्हतं.

‘नन’ तात्पुरतं लावायच्या निर्णयाबद्दल माझं मन अजून पूर्ण स्वस्थ नाही. सेशन कुकीला हात न लावता, फक्त परतीच्या पोस्टपुरती वेगळी, थोड्या मिनिटांची ‘नन’ कुकी काढता आली असती. तिच्यात नुसता व्यवहार क्रमांक असता, लॉगइनचा अधिकार नसता. दोन दिवस जास्त लागले असते आणि तेवढे दिवस फोन वाजत राहिले असते. पालकांची अवस्था पाहता सचिवांनी घेतलेला निर्णय मी चुकीचा म्हणणार नाही, पण नंबर बदलायचा फॉर्म बंद ठेवता येण्यासारखा नसता, तर मी त्याला संमती दिली नसती.

चाचणीची पद्धत बदलली, आणि ती मला सर्वांत उपयोगी वाटते. ‘लॅक्स’ स्पष्ट लिहिलेल्या कुकीला दोन मिनिटांची सवलत मिळत नाही. ती फक्त काहीच न लिहिलेल्या कुकीला आहे. त्यामुळे आता काही बिघडलं तर पहिल्या अर्ध्या मिनिटातच, चाचणी करणाऱ्याच्या समोर बिघडतं. त्याशिवाय दर नव्या बदलानंतर कंपनीतलं कुणीतरी बँकेच्या चाचणी पानावर जाऊन पाच मिनिटं थांबतं, एकदा तिथेच टॅब बंद करतं, एकदा मोबाइलचा डेटा बंद करून पुन्हा चालू करतं, आणि प्रत्येक वेळी पावती निघाली का ते फी विभागाच्या पडद्यावर लिपिक बाई तपासतात. त्यांनी ‘हो’ म्हटल्याशिवाय बदल पालकांपर्यंत जात नाही, असं करारातच लिहिलं आहे.